गुडघ्यातलं भडंग

माझ्या गुडघ्याचा आवाज सगळ्यांत आधी ऐकला तो शकू पाटीलनं. शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. आम्ही ओळीनं उकिडव्या बसलो होतो आणि शकू माझ्या शेजारच्या चौकोनात, उलट्या दिशेला तोंड करून बसली होती. मला खो मिळाला, मी उठले, आणि शकू ओरडली, "बाई, सुली भडंग खातीया!" खेळ थांबला. गायकवाडबाई आमच्या खेळाच्या शिक्षिका, त्यांच्या शिट्टीला गल्लीतली कुत्रीसुद्धा घाबरायची. त्यांनी मला मैदानाच्या मधोमध तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, खिसे उलटे करायला लावले. काही सापडलं नाही. "बस," म्हणाल्या. बसले. "ऊठ." उठले. करकर, करकर. लसूण आणि चटणी लावलेले चुरमुरे कुणीतरी निवांत चावत बसावेत, तसा आवाज माझ्या उजव्या गुडघ्यातून येत होता. बाईंनी खाली वाकून गुडघ्याला कान लावला आणि म्हणाल्या, "अगं, खरंच की!" त्या दिवसापासून माझं नाव भडंग पडलं, ते पडलंच. मागे एका लग्नात काळा चष्मा लावलेली एक पांढऱ्या केसांची बाई लांबून "ए भडंग!" म्हणून ओरडली, तेव्हा माझी सून जेवणाच्या टेबलाकडे बघायला लागली. तिला वाटलं, मेनूत आहे.

आवाजाचं मला काही वाटत नव्हतं. वाजेना का बिचारा. पण थोड्या दिवसांनी तो दुखायलाही लागला. गुडघ्यावर ती गोल हलणारी वाटी असते ना, तिच्या बरोबर मागे. पळताना कमी, उठताना जास्त आणि जिना उतरताना सगळ्यांत जास्त. खो-खोत तर उठणं-बसणं हाच धर्म. त्या वर्षी दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती आणि बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझं नाव मी धरलंय. हे वाक्य मी रोज झोपताना एकदा मनात म्हणून बघायची. पंधरा वर्षांच्या पोरीला घराबाहेर जोरात पळायची परवानगी आमच्या पेठेत फक्त त्या मैदानावर होती. बाकी सगळीकडे "हळू चाल" होतं. ते मैदान जाणार म्हणजे माझं सगळंच जाणार, असं मला वाटायचं, आणि आज इतक्या वर्षांनीही त्यात फार चूक होती असं वाटत नाही.

घर शिवाजी पेठेत, तालमीच्या अगदी समोर. पहाटे जाग यायची ती शड्डूच्या आवाजानं. त्यानंतर कोपऱ्यावर म्हशी यायच्या, मग दुधाच्या धारा, मग पैलवानांचं खाकरणं, आणि उन्हाळ्यात शेजारच्या डंकावर मिरच्या कुटायला लागले की सगळी गल्ली एका सुरात शिंकायची. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, सरकारी कचेरीत कारकून होते, पण मनानं तालमीतच राहायचे. विशीपर्यंत कुस्ती खेळलेले. मग सोडली. का सोडली, तर "वस्तादाशी वाजलं," एवढाच घरातला अधिकृत इतिहास होता. कुस्ती गेली तरी तालमीची भाषा काही गेली नाही. तालमीत 'दुखतंय' म्हणायचं नसतं, 'भरलंय' म्हणायचं. पाय मुरगळला तरी भरलाय, खांदा उखडला तरी भरलाय. हा नियम आबांनी घरालाही लावला होता. आईला माझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं सासूला "भरलंय" म्हणून सांगितलं आणि सासूनं तिला भाकऱ्या थापायला बसवलं, अशी एक गोष्ट आमच्यात सांगतात. आई ती हसत सांगायची, पण आबांकडे बघून.

आबांची दुसरी ख्याती म्हणजे भक्ती. जोतिबाच्या डोंगरावर ते पायवाटेनं चालत चढायचे आणि उतरताना मात्र देवाकडे तोंड करून, म्हणजे उलटे उतरायचे. "देवाला पाठ दाखवायची न्हाई," म्हणायचे. एका हातानं कठडा, झाड, नाहीतर माझा खांदा धरून, शिखराकडे नजर लावून, एक एक पाय मागे टाकत हा माणूस उतरतोय हे बघून अनोळखी बायका बाजूला होऊन त्यांना नमस्कार करायच्या. गुलालात माखलेली एक म्हातारी तर एकदा त्यांच्या पाया पडली होती. आबा जरा गोरेमोरे झाले, पण उलटं उतरणं काही थांबलं नाही. जेवतानाही ते आमच्यासारखी मांडी घालायचे नाहीत, एक पाय सरळ लांब सोडून बसायचे. त्याला घरात 'पैलवानी बैठक' म्हणायचे आणि ती ओलांडून जायला कुणालाही बंदी होती. वाढायला आईला पूर्ण खोली फिरून यावं लागायचं.

आणि आत्ती. आबांची थोरली बहीण. तिला गडहिंग्लजला दिली होती. तिथला नवरा तिला आवडला नाही, म्हणून एक दिवस एसटीत बसून ती परत आली. एवढंच कारण ती सांगायची आणि ज्याला एवढं पुरायचं नाही त्याला शिव्या द्यायची. येताना तिनं तिकडच्या दोन गोष्टी आणल्या: एक पितळी डबा आणि आश्चर्य वाटलं की "अव्वा!" म्हणायची सवय. आबांनी तिला घरात मानानं ठेवली, पण घराचे नियम तिलाही लागू होते आणि त्यांतला मोठा नियम म्हणजे सिनेमा नाही. सिनेमानं माणूस बसकं होतं, असं आबांचं मत होतं. आत्तीचं मत वेगळं होतं, पण ती ते बोलून दाखवायची नाही, करून दाखवायची. मंगळवारी दुपारी ती अंबाबाईच्या दर्शनाला निघायची आणि सोबत मला न्यायची. शाळा सकाळची, त्यामुळे माझी काही अडचण नव्हती. देवळाच्या दारात आम्ही चपला न काढता कळसाला हात जोडायचो, बाहेरच्या बाईकडून कुंकू घ्यायचो, आणि मॅटिनीला पोचायचो. "देवीला काय, बसल्या जागी दिसतंय," असं आत्तीचं धर्मशास्त्र. अंधारात पडदा उजळला की तिचा चेहरा असा काही सैल व्हायचा की मला तिच्याकडे बघावं की हिरोकडे, कळायचं नाही. आठवडाभर आमच्या घरात ती कुणाची तरी बहीण आणि कुणाची तरी आत्ती असायची. त्या तीन तासांत ती कुणाचीच कुणी नसायची. घरी आलो की आबांच्या कपाळाला कुंकू लावताना तिचा हात जराही हलायचा नाही.

गुडघा दुखायला लागल्यावर घरात उपचारांची जी रांग लागली, तिचं वर्णन मी आजच्या मुलांना सांगते तेव्हा ती मोबाईल खाली ठेवून ऐकतात. आधी आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप. गुडघा पिवळा झाला, दुखणं तसंच. मग तालमीतले आताचे वस्ताद आले, बोटांनी वाटी चाचपली, म्हणाले, "वाटी जाग्यावरनं हललीया," आणि ती जाग्यावर बसवायला त्यांनी असा काही अंगठा दाबला की माझी किंकाळी ऐकून समोरच्या तालमीतला जोर मारणारा पोरगा मध्येच थांबला. वस्तादांचा पुढचा सल्ला: "बैठका काढ. मोकळा हुतोय." आबा शेजारी उभे राहून बैठका मोजू लागले. मी काढल्या. चार दिवसांत मला संडासातून उठताना भिंत धरावी लागायला लागली. मग आईची पाळी. हाडाला हाड, असं म्हणत तिनं बोकडाचे पाये आणून रोज रटरट शिजवायला सुरुवात केली. माझ्या गुडघ्याच्या नावाखाली आख्खं घर महिनाभर पायाचा रस्सा ओरपत होतं. आबांचं वजन वाढलं, आत्तीच्या गालावर तेज आलं, शेजारची मांजरी गाभण राहिली. गुडघा आपला करकरतोय. शेवटी गायकवाडबाईच घरी आल्या आणि आबांना म्हणाल्या, "राजारामपुरीत हाडाचा नवा डॉक्टर आलाय, पुण्याचा. दाखवा तरी. नाहीतर पोरीचं नाव मला खोडावं लागेल."

डॉक्टर तरुण होता आणि त्याच्या बोटांना वस्तादांच्या अंगठ्याची माहिती नव्हती, म्हणून मला तो लगेच आवडला. टेबलावर मला आडवी करून त्यानं पाय वाकवला, सरळ केला, पिळला. आबा डोक्याशी आणि आत्ती पायाशी उभी. डॉक्टर प्रश्न मला विचारायचा आणि उत्तर आबा द्यायचे. "गुडघा मध्येच अडकतो का?" "अडकतोय की डॉक्टर, हिचं सगळंच अडकतंय, परवा गणितात अडकली." "चढताना जास्त दुखतं का उतरताना?" "उतरताना," आबा म्हणाले. "चढताना काय न्हाई. उतरताना वाटीच्या मागनं कुणीतरी खिळा ठोकल्यागत." मला जरा नवल वाटलं, कारण हे मी आबांना कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं. पण वडील आहेत, समजलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. डॉक्टरनं वाटीवर तळवा ठेवून हलकंच दाबलं आणि मांडी आवळायला सांगितली. मी आवळली आणि ओरडले. "भरलंय तिचं," आबा म्हणाले. डॉक्टरनं विचारलं, "काय भरलंय?"

मग त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "दोन शक्यता आहेत. एक म्हणजे वाटीच्या मागचा गुळगुळीत थर मऊ पडलाय आणि घासायला लागलाय. वाढत्या वयाच्या मुलींत होतं हे. त्याला कापाकापी लागत नाही. दुसरी म्हणजे सांध्याच्या आतली गादी फाटलीय. ती असेल तर गुडघा उघडून काढून टाकावी लागेल. मला एक सांग. खूप वेळ पाय दुमडून एका जागी बसलीस की दुखतो?" मी विचार केला. घरी मी जमिनीवर बसते आणि सारखी हलते. वर्गात शेवटच्या बाकावर, पाय वाटेत लांब सोडून. "न्हाई," म्हणाले. "एसटीत?" एसटीनं मी कुठं गेलेच नव्हते. "बरं, सिनेमाला?"

सिनेमाला मला काय व्हायचं, ते मला चांगलं माहीत होतं. पहिली तीन गाणी बरी जायची. मग वाटीमागे ठणका लागायचा तो असा, की हिरॉईन रडायला लागली की मीही रडायची आणि सुरुवातीला आत्तीला वाटायचं पोरगी हळवी आहे. पुढच्या खुर्चीच्या पाठीत पाय अडकलेले, हलायला जागा नाही. मी आत्तीकडे बघितलं नाही. आबांकडेही नाही. छताला एक पाल होती, तिच्याकडे बघत बसले. "आमच्या घरात सिनेमा बघत न्हाईत, डॉक्टर," आबांनी छाती काढून सांगितलं. "मग गादीच दिसतेय," डॉक्टर म्हणाला आणि पेन उचललं. "उघडून बघू. खेळ मात्र विसरायचा."

"दुखतोय की!" आत्ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरचा कंपाउंडर डोकावला. "लई दुखतोय! इंटरवलच्या पुढं तर पोरीला बसवत न्हाई. म्हणून तर घावली की मी कडंची खुर्ची धरतो, पाय पसराय मिळतोय म्हणून." पुण्याच्या डॉक्टरचा गोंधळ झाला. त्यानं आबांकडे बघत विचारलं, "कोण धरतो? तुम्ही?" "मी धरतो, मी!" आत्ती छातीवर हात मारून म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी गेलतो' म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पुण्याच्या जावेला ते अजून पटलेलं नाही. "मंगळवारी गेलतो तवा तर बिचारी शेवटपर्यंत उभीच हुती भिताडाला टेकून. व्हय का न्हाई गं?" मी पालीला सांगितलं, "व्हय." डॉक्टरनं पेन परत ठेवलं आणि हसला. "मग सुटलीस. कापायचं काही नाही. हे सिनेमाचं दुखणंच त्याची खूण." आबांच्या कपाळावर मंगळवारचं कुंकू अजून फिकट दिसत होतं.

मला वाटलं, आता घरी गेल्यावर आभाळ फाटणार. पण आबांची शिक्षा भारी होती. रात्री जेवताना त्यांनी एवढंच म्हटलं, "आक्का, मंगळवारी देवळात मी येत जाईन संगं. रजा टाकतो अर्ध्या दिवसाची." आणि खरंच आले. आत्तीला त्या महिन्यात पहिल्यांदा अंबाबाईचं पूर्ण दर्शन घडलं, प्रदक्षिणेसकट. ती पुढे, आबा मागे हात बांधून पहारेकऱ्यासारखे. परत आली की डबा उघडून सुपारी कातरत बसायची आणि घरात कुणाशी बोलायची नाही. मला फार वाईट वाटायचं. माझा गुडघा वाचला आणि तिचा मंगळवार गेला. एकदा ती भाकरी करत होती तेव्हा मी चुलीजवळ जाऊन विचारलं, "आत्ती, तोंडातनं निसटलं का मुद्दाम सांगितलंस?" तिनं तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली. "तुझा बा कोपनार हे मला कळत न्हवतं व्हय? त्यो डॉक्टर सुरी घासाय निघालाता. सिनमा काय, परत लागतोय. पाय कापला तर परत उगवतोय काय?" मग म्हणाली, "जा, वाळू उचल जा."

वाळू म्हणजे माझं औषध. डॉक्टरनं सांगितलं होतं: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बैठका तर स्वप्नातही नाहीत. मांडीचा स्नायू घट्ट झाला की तो वाटीला नीट वाटेवर धरतो, म्हणून पायावर वाळूची पिशवी ठेवायची, गुडघा सरळ ठेवायचा आणि पाय उचलायचा. आईनं आबांच्या जुन्या धोतराची पिशवी शिवली, पंचगंगेची वाळू भरली. आबांना यात एकदम हुरूप आला. हा व्यायाम आहे म्हटल्यावर त्यांच्यातला पैलवान उठून बसला. सकाळ-संध्याकाळ ते माझ्या उशाशी उभे राहून "वर, धर, धर, धर, सोड" करायचे. शिवाय उकिडवं बसायचं नाही म्हणून त्यांनी सुताराकडून एका जुन्या खुर्चीच्या मधोमध गोल भोक पाडून आणलं आणि ती मागच्या संडासात ठेवली. पेठेतलं ते पहिलं कमोड. पेठ बघायला येऊन गेली. गंमत म्हणजे ती खुर्ची मला क्वचितच रिकामी मिळायची, कारण आबा आत असायचे. "टिकंल का बघतोय," म्हणायचे. महिनाभर बघत होते. आणि पिशवी मी रात्री माझ्या अंथरुणाशी ठेवायची ती सकाळी आबांच्या खाटेखाली सापडायची. आई म्हणायची, मांजर ओढत नेत असेल. गाभण मांजर आणि दोन शेर वाळू! पण तेव्हा आम्ही कुणीच त्यावर जास्त विचार केला नाही. आबा म्हणजे आबा, त्यांना कशाला गुडघे असतील!

निवडीला आठवडा राहिला तेव्हा परत डॉक्टरकडे गेलो. त्यानं मांडी चाचपली, वाटी दाबली. मी ओरडले नाही. "छान," तो म्हणाला. "आता शेवटची परीक्षा. एक सिनेमा बघून या. पूर्ण. इंटरव्हलनंतर दुखलं नाही तर खेळायला मोकळी. दुखलं तर हे वर्ष सोडायचं." आत्तीनं पदर तोंडावर घेतला. खोकल्यासाठी घेतला असं आबांना वाटावं अशी तिची इच्छा होती. आबांनी डॉक्टरला विचारलं, "दुसरी काय परीक्षा न्हाई?" "नाही." आबा डॉक्टरचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकणारे. मंगळवारी दुपारी आम्ही तिघं घराबाहेर पडलो. गल्लीत सगळ्यांनी विचारलं, कुठं निघालाय? आबांनी सगळ्यांना सांगितलं, "डॉक्टरनं सांगितलंय." सिनेमाला चाललोय असं एकालाही सांगितलं नाही.

आबांनी बाल्कनीची तिकिटं काढली आणि मला कडेच्या खुर्चीवर बसवलं, पाय पसरायला. मध्ये स्वतः. पलीकडे आत्ती, मांडीवर सुपारीचा डबा घेऊन, गंभीर चेहऱ्यानं, जशी काही दवाखान्यातच आलीय. दिवे गेले. पहिल्या गाण्यापासून आबा दर थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून विचारायचे, "भरलं का?" मी म्हणायची, "न्हाई." परत, "भरलं का?" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, तांब्या भरताय काय? गप बसा की!" इंटरव्हलला भडंग घेतलं. आत्तीनं मला पुडी दिली आणि डोळा मारला. पुन्हा अंधार झाला. आता खरी परीक्षा. मी श्वास रोखून गुडघ्याकडे लक्ष लावून बसले आणि मला तो ऐकू आला. करकर. माझा पाय हलला नव्हता. पुडी तर कधीच संपली होती. मी हळूच डावीकडे बघितलं. आबा दोन्ही हातांनी आपले गुडघे धरून बसले होते. पाय थोडा सरकवायचे, पुढच्या खुर्चीला आपटायचे, परत आत घ्यायचे. पडद्याच्या उजेडात त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. पडद्यावर हिरॉईनचं लग्न मोडत होतं, पण आबांचा चेहरा तिच्यापेक्षा पिळवटलेला होता. तो चेहरा मला ओळखीचा होता. दर मंगळवारी माझाच असायचा तो.

मी उठले आणि कानात म्हणाले, "आबा, हिकडं सरका." "गप बस. तुझं भरंल." "मी मधी बसतो. सरका म्हणतो न्हवं!" आबांना असं आयुष्यात मी पहिल्यांदाच बोलले. मग ते खुर्चीचे हात धरून, करकर करत उठले आणि कडेला बसले, आणि दोन्ही पाय वाटेत लांब, सरळ सोडून दिले. त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. थोड्या वेळानं जागा दाखवणारा बॅटरीवाला त्यांना अडखळला. "ओ पावणं, पाय आत घ्या." आबा पाय ओढायला लागले तेवढ्यात आत्ती माझ्यावरून वाकून म्हणाली, "घेत न्हाई जा! पैलवान हाय त्यो. पाय भरल्यात त्येचं." बॅटरीवाला दुसरीकडे गेला. आत्तीनं मग पडद्याकडे बघतच, अगदी हळू विचारलं, "वस्तादाशी वाजलंतं ते हेच व्हय रं?" आबांनी हात लांब करून माझ्यापलीकडच्या आत्तीच्या डब्यातली सुपारी उचलली.

सिनेमा संपला, दिवे लागले आणि आत्ती म्हणाली, "अव्वा! सुले, तुझा गुडघा?" मी विसरलेच होते. अर्धा सिनेमा मी मधल्या खुर्चीवर, पाय दुमडून बसले होते आणि वाटीनं हूं की चूं केलं नव्हतं. मी तिथंच दोन खुर्च्यांच्या मध्ये उडी मारली. निवडीचं सांगून टाकते: घेतलं मला, पण राखीव म्हणून. पहिल्या सामन्यात शकूचा घोटा मुरगळला आणि मी आत गेले, ती शेवटपर्यंत बाहेर आले नाही. शकू अजून म्हणते, भडंगनं नजर लावली.

पण त्या दुपारी ते सगळं व्हायचं होतं. लोक बाहेर पडत होते, बाल्कनीचा जिना उंच आणि अरुंद. आत्ती पुढे झाली, मी तिच्या मागे. दोन-चार पायऱ्या उतरून वळून बघितलं तर आबा वरच थांबलेले. त्यांनी आजूबाजूला बघितलं, गर्दी जरा ओसरू दिली, मग हळूच वळले, कठडा धरला, आणि जोतिबाच्या डोंगरावरून उतरतात तसे, आमच्याकडे पाठ करून, एक एक पाय मागे टाकत उतरायला लागले. आत्ती मध्येच थांबली. कंबरेवर हात ठेवून वर बघत राहिली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती ती मला दिसत होती: डोंगर, गुलालातली म्हातारी, पैलवानी बैठक, भोकाची खुर्ची.

"दत्तू," ती म्हणाली, "हितं कुठला देव हाय रं, पाठ न दाखवायला?"

आबा थांबले. वळले नाहीत. वरच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "देव न्हवताच, आक्का. गुडघाच हुता."

"मग आता सरळ उतर की बाबा. आता कुणाला दावायचंय?"

"सरळ उतरलं की दुखतंय," आबा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आत्तीनं डबा माझ्या हातात दिला, चार पायऱ्या परत वर चढली, आणि त्यांच्या पाठीशी खांदा देऊन उभी राहिली.